अकराशे बेचाळीस तास

गावाकडे 'चारचाकी घेतली' म्हटलं
की लोक पेढे मागतात.
आमची चारचाकी निराळी.
छप्पर नाही, दारं नाहीत,
घोड्यासारखी टांग टाकून बसायचं
आणि व्हरमाँटच्या एप्रिलातल्या चिखलातून
मेपलच्या रसाची पिंपं ओढायची.
हिचं वय तासांत मोजतात.
अकराशे बेचाळीस, पॉइंट सहा.

डग पेल्टियरने हिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या,
मागच्या टायरला बुटाचं टोक लावलं,
कार्डाच्या पाठीवर लिहिलं: एकवीसशे.
नवीच्या किमतीतून वजा. सोमवारपर्यंत.
नवीला पट्टा आहे,
डोक्यावर लोखंडी कमान आहे.
एवढंच यामिनीने दोनदा वाचलं होतं माहितीपत्रकात.

मी विजेच्या बिलामागे रकाने आखले.
डावीकडे डग: कटकट नाही, टॅक्स थोडा कमी,
ट्रेलर त्याचा.
उजवीकडे परस्पर विक्री: बत्तीसशे, कदाचित.
'कदाचित'खाली मीच दोन रेघा मारल्या.
यामिनी म्हणाली, हातचं सोडून पळत्याच्या पाठी.
मी म्हणालो, पळतं अकराशेने जास्त आहे.

शनिवारी हिला न्हाऊमाखू घातलं.
डाव्या फेंडरवरचा ओरखडा भिंतीकडे करून
उभी केली गराजच्या तोंडाशी.
बघण्याच्या कार्यक्रमात उजेडाकडे कुठली बाजू ठेवायची
हे आमच्या लोकांना शिकवावं लागत नाही.

पहिल्याने फोनवरच विचारलं, शेवटचा भाव बोल.
दुसरा बदल्यात देत होता
एक जुनी स्नोमोबील आणि दोन शेळ्या.
(शेळ्यांचे फोटो मी अजून पुसलेले नाहीत.)
तिसरी लॉर्ना. डॅनव्हिलहून आली,
गुडघ्याला पट्टा,
दोन म्हाताऱ्या घोड्यांना गवत न्यायचंय म्हणाली.
तिने तेल पाहिलं, साखळी पाहिली,
मग वाकून भिंतीकडची बाजू.
"कधी उलटली होती का?"

डगने हे विचारलं नव्हतं.
डगला सांगावं लागलं नसतं.
घोडं इथेच पेंड खात होतं, महिनाभर,
आणि मी बेरीज-वजाबाकी करत बसलो होतो.

उलटली होती.
गेल्या मार्चमध्ये, ओढ्याच्या उतारावर,
अर्धं पिंप भरलेलं, यामिनी खाली.
गळ्याजवळचं हाड दोन ठिकाणी.
उतार मीच दाखवला होता,
म्हटलं होतं, जा गं, काही होत नाही.
त्यानंतर ती हिच्यावर बसली नाही.
त्यानंतर आम्ही 'नवी घेऊया' म्हणू लागलो,
'का' हा शब्द वगळून.

मी सगळं सांगितलं, इंग्रजीत,
जे मराठीत घरात कधी बोललो नव्हतो.
यामिनी खिडकीत होती. खिडकी उघडी होती.
लॉर्ना म्हणाली, जाहिरातीत लिहायला हवं होतं.
मग म्हणाली, उद्या कळवते.

रात्री जेवताना कोणी काही बोललं नाही.
फ्रिजवर, चुंबकाखाली, डगचं कार्ड.
मी भांडी विसळत होतो
तेव्हा गराजचा दिवा लागला.
इंजिन खोकलं, पकडलं,
आणि हेडलाइटचा पट्टा
लाकडांच्या ढिगाभोवती हळू, फार हळू,
फिरून आला.

मी हात ओलेच घेऊन दारात उभा.
ती आत आली, बूट काढले,
खांदा एकदा चोळला.
"रिव्हर्सला टाकताना गिअर अडतोय," म्हणाली,
"तेही सांग तिला."